मेंदूतले बिथरलेले शेजारी

काचपट्टी (धागाकर्ती)

गेली पंधरा वर्षं माझं काम एकच आहे. मेंदूचे तुकडे मेणात बसवायचे, मायक्रोटोमवर पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर उचलायचे आणि रंगवायचे. निदान लिहिणारे डॉक्टर वेगळे, मी टेक्निशियन. पण रोज तेच बघून डोळा तयार होतो. मागच्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की अल्झायमरमध्ये मेंदूत नेमकं दिसतं काय. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

आपला पारंपारिक समज असा की अल्झायमरसारख्या आजारांत न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, मरतात आणि बाकीच्या पेशी नुसत्या बघ्या असतात. हा समज जुना आहे. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ विर्चोनं या बाकीच्या पेशींना 'ग्लिया' हे नाव दिलं, ते चिकट पदार्थ या अर्थानं. म्हणजे सुतार खिडकीची काच बसवताना कडेला लांबी भरतो ना, तशी ही मेंदूतली लांबी. त्यातल्याच चांदणीसारख्या दिसणाऱ्या पेशींना पुढे ॲस्ट्रोसाइट म्हणायला लागले. मी तारकापेशी म्हणते.

आता काचेवर काय दिसतं ते सांगते. जीएफएपी नावाचं एक प्रथिन या पेशींच्या आतल्या सांगाड्यात असतं. त्याला चिकटणारी प्रतिपिंडं टाकून तपकिरी रंग आणतात, आणि सगळ्या पेशींची केंद्रकं निळी करतात. निरोगी माणसाच्या मेंदूच्या करड्या भागात, मधल्या थरांत, तपकिरी रंग फारसा लागतच नाही. सगळं निळसर आणि शांत, एखादा ठिपका इकडेतिकडे. पेशी तिथे नसतात असं नाही, भरपूर असतात; त्यांच्यात जीएफएपी कमी असतं एवढंच. तीच जागा अल्झायमरच्या पेशंटची घ्या. तपकिरी कोळीच कोळी. जाडजूड पाय, फुगलेलं अंग, आणि अमायलॉइड या साचलेल्या प्रथिनाच्या गुठळीभोवती तर असे कोंडाळं करून बसलेले असतात की अपघात झाल्यावर रस्त्यात गर्दी जमते तसं वाटतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आमच्या सरांना विचारलं होतं, "हे मदतीला आलेत की मारायला?" सर म्हणाले, "काचेवर तेवढंच कळत नाही."

शांत असताना या पेशी काय करतात? पंगत डोळ्यांसमोर आणा. एक न्यूरॉन दुसऱ्याला निरोप देताना ग्लुटामेट नावाचं रसायन सोडतो. निरोप पोचला की ते ग्लुटामेट तिथून उचललं गेलं पाहिजे, नाहीतर पुढची पंगत बसणार कुठे? उष्ट्या पत्रावळी उचलायचं हे काम तारकापेशी करतात. पत्रावळी साचल्या तर नुसता खोळंबा होत नाही, समोरचा न्यूरॉन अतिउत्तेजित होऊन मरतो. शिवाय पोटॅशियम आवरायचं, रक्तवाहिन्यांना पाय टेकवून मेंदूत काय येतं यावर लक्ष ठेवायचं, न्यूरॉनला इंधन पुरवायचं. माणसाच्या एका तारकापेशीच्या टप्प्यात अंदाजे २.७ लाख ते २० लाख सिनॅप्स, म्हणजे न्यूरॉनमधले जोड, येतात. एवढ्या घरांची धुणीभांडी सांभाळणारी बाई आजारी पडली तर काय होईल, विचार करा.

आजार, मार, इन्फेक्शन, काहीही झालं की या पेशी बिथरतात. इंग्रजीतल्या 'रिॲक्टिव्ह' या शब्दाचा अर्थ 'प्रतिक्रियाशील' असा आहे, पण मला बिथरलेल्या जास्त पटतं. २०१७ च्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेतून शेन लिडलो आणि मंडळींचा शोधनिबंध आला आणि या विषयात खळबळ उडाली. त्यांचं म्हणणं असं: मेंदूतल्या रखवालदार पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, चिडल्या की तीन गोष्टी सोडतात. आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू. या तिन्ही मिळून तारकापेशीला अशा रूपात ढकलतात की ती घरकाम तर सोडतेच, वर न्यूरॉनला मारणारं काहीतरी बाहेर टाकते. या रूपाला त्यांनी 'ए-१' म्हटलं. उंदराची डोळ्यामागची नस चिमटली की एरवी डोळ्याच्या पडद्यातल्या चेतापेशी मरतात. तिन्ही घटकांना अडवणारी प्रतिपिंडं दिली तर त्या वाचल्या. माणसांच्या मरणोत्तर मेंदूंतही, अल्झायमर, पार्किन्सन्स, हंटिंग्टन, एएलएस, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), सगळीकडे या रूपाची खूण, सी३ हे प्रथिन, सापडली. बॅरेस त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅन्सरनं गेले.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते एएलएसमधलं काम. हा चालक, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या, चेतापेशींचा आजार. हातपाय, गिळणं, शेवटी श्वास. काही कुटुंबांत तो एसओडी१ या जनुकातल्या बिघाडानं येतो, हे १९९३ मध्ये कळलं. तो बिघडलेला जनुक उंदरांत घातला की त्यांनाही आजार होतो. मग संशोधकांनी तो एकेका प्रकारच्या पेशीतून काढून बघितला. चालक चेतापेशींतून काढला तर आजार उशिरा सुरू झाला. तारकापेशींतून काढला (२००८) तर सुरुवात ठरल्या वेळीच झाली, पण पुढचा प्रवास बराच मंदावला.

म्हणजे आग कुठे लागली हा एक प्रश्न, आणि ती किती वेगानं पसरते हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर शेजाऱ्यांकडे आहे. पेशंटच्या घरच्यांना तर हा दुसरा प्रश्नच छळत असतो.

चुकलं असेल तर सांगा. इथे जाणकार आहेत.

---

अवलिया_

जबरदस्त! पत्रावळीचं उदाहरण लक्षात राहील. वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

खडूस_काका

आमच्या वेळी कोपऱ्यावरच्या उडुप्याच्या पाटीवर 'ए-वन' लिहिलेलं असायचं, म्हणजे एक नंबर माल. इथे ए-वन म्हणजे विषारी. आणि ए-टू चांगल्या असतील ना? आमचा दूधवालाही हेच सांगतो आणि लिटरमागे चाळीस रुपये जास्त घेतो.

---

काचपट्टी

@खडूस_काका, हसून मेले. दुधातलं ए-१, ए-२ हे केसीन प्रथिनाचे प्रकार, त्याचा इथे संबंध नाही. पण ए-२ बद्दल तुम्ही बरोबर ओळखलंत. २०१२ मध्ये बॅरेस यांच्याच प्रयोगशाळेनं दाखवलं होतं की पक्षाघातानंतर बिथरलेल्या तारकापेशी आणि जिवाणूंच्या कवचातल्या विषानं बिथरलेल्या तारकापेशी वेगवेगळी जनुकं चालू करतात. पक्षाघातवाल्या त्या ए-२, दुरुस्तीला मदत करणाऱ्या असाव्यात असा कयास.

---

ग्लियाळू

लेख आवडला. बरीच वर्षं याच पेशींवर पोट भरतोय (मुक्काम पोस्ट युरोप), म्हणून दोन-तीन ठिकाणी आडवा येतो. राग नसावा.

ए-१/ए-२ ही नावं आता शक्यतो वापरू नयेत. २०२१ मध्ये या क्षेत्रातल्या मोठ्या गटानं एकत्र निवेदन काढून हेच सांगितलं. एकेका पेशीचा आरएनए, म्हणजे तिच्यात कोणती जनुकं चालू आहेत ते, वाचायला लागल्यावर दिसलं की दोन खोके पुरत नाहीत. एकाच मेंदूत, एकाच आजारात, गुठळीजवळची पेशी वेगळी आणि दोन मिलिमीटरवरची वेगळी. चांगला-वाईट असे दोन शिक्के मारले की व्याख्यानं छान होतात, आमच्या अनुदानाच्या अर्जांतही ती नावं फार छान दिसायची, त्यात मीही आलो.

'बिथरल्या म्हणजे वाईट' हेही सरसकट खरं नाही. जीएफएपी आणि व्हिमेंटिन ही दोन प्रथिनं नसलेले उंदीर तयार केले की त्यांच्या तारकापेशींना नीट बिथरताच येत नाही. अशा उंदरांत अल्झायमरसारखा आजार घडवला (२०१३) तर गुठळ्या कमी व्हायच्या सोडून वाढल्या! म्हणजे ते कोंडाळं गुठळीला आवर घालत होतं. मज्जारज्जूच्या जखमेतही तेच. तारकापेशींचा व्रण नसा वाढू देत नाही असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. २०१६ मध्ये व्रण होऊच दिला नाही, तरी नसा वाढल्या नाहीत. उलट व्रण असताना योग्य खतपाणी दिलं तर वाढल्या.

तिसरं, ते 'न्यूरॉनला मारणारं काहीतरी' काय, याचा पत्ता २०२१ मध्ये लागला. विष प्रथिनाचं असेल म्हणून सगळे शोधत होते. निघाली लांब साखळीची संपृक्त स्निग्धं, एपीओई आणि एपीओजे या चरबी वाहणाऱ्या प्रथिनांच्या कणांत बसून येणारी. गंमत म्हणजे खुद्द आलॉइस अल्झायमरनं १९०७ च्या त्या प्रसिद्ध टिपणात लिहून ठेवलंय की ग्लियानं पुष्कळ तंतू काढलेत आणि अनेक ग्लियापेशींत चरबीच्या पिशव्या दिसतात. गुठळ्या आणि न्यूरॉनमधले तंतूंचे गुंते तेवढे सगळ्यांनी उचलले, चरबीच्या पिशव्या शंभर वर्षं तशाच पडून राहिल्या.

---

काचपट्टी

नावांबद्दल मान्य. आमच्याकडे अजून तोंडात तीच बसलीयत. पण एक सांगते. ती खूण, सी३, मी स्वतः मेंदूच्या कापांवर रंगवली आहे आणि ती दिसते. तिला काय म्हणायचं यावर वाद घाला, ती नाहीच असं म्हणू नका.

---

ग्लियाळू

नाही असं म्हणतच नाहीये. दिसते. पण सी३ दिसलं म्हणजे ती पेशी न्यूरॉन मारतेय, ही उडी आहे. मेलेल्या मेंदूचा काप म्हणजे भांडण संपल्यावर काढलेला फोटो. पहिली थप्पड कुणी मारली ते त्यात येत नाही. तुमचे सर शहाणे होते.

---

सावनी_क

इथे सहसा फक्त वाचते. आज लिहितेय, कारण माझ्या बाबांना एएलएस आहे, दोन वर्षं झाली. शाळेत मराठी शिकवायचे. आता हात चालत नाहीत, आवाज गेला. डोळे आणि डोकं लख्ख आहे. पलंगासमोर भिंतीवर मोठा अक्षरतक्ता लावलाय. मी ओळींवरून बोट फिरवते, हवी ती ओळ आली की ते डोळे मिटतात, मग त्या ओळीतली अक्षरं. 'पाणी' म्हणायला अर्धं मिनिट लागतं. काना-मात्रा गाळा म्हटलं तर ऐकत नाहीत.

काचपट्टीताई, 'घरच्यांना तर हा दुसरा प्रश्नच छळत असतो' हे वाक्य तीन वेळा वाचलं. आम्हाला सुरुवातीला एका ठिकाणी स्टेम सेल दिल्या, "खराब पेशींच्या जागी नवीन पेशी" म्हणून. चार इंजेक्शनं, गावाकडची जमीन विकून. काही झालं नाही. मला विचारायचंय ते एवढंच, की हे शेजाऱ्यांचं जे तुम्ही सांगताय त्यावर आज काही औषध आहे का? खरं सांगा, गोड नको.

---

ग्लियाळू

सावनीताई, गोड सांगत नाही.

आज तारकापेशींवर नेम धरून एएलएसमध्ये देता येईल असं मान्यताप्राप्त औषध नाही. रिलुझोल चालू असेलच. ते १९९५ पासून आहे आणि ग्लुटामेटच्या त्या साचलेल्या पत्रावळींशीच निगडित आहे. चाचण्यांमध्ये आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढलं. तारकापेशींची पत्रावळी उचलायची ताकद वाढवावी म्हणून सेफ्ट्रियाक्झोन, आपलं नेहमीचं प्रतिजैविक, मोठ्या चाचणीत वापरून पाहिलं. उंदरांत चाललं होतं, माणसांत नाही (२०१४).

टोफरसेन नावाचं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झालं, पण ते फक्त एसओडी१ चा बिघाड असलेल्यांसाठी. असे पेशंट शंभरात दोनच्या आसपास. बाबांची जनुकीय तपासणी झाली नसेल तर न्यूरॉलॉजिस्टना जरूर विचारा. घराण्यात कुणाला नसलं तरी विचारा.

मग या संशोधनाचा उपयोग काय? २००७ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं की एसओडी१ बिघडलेल्या तारकापेशी शेजारी ठेवल्या तर निरोगी चालक चेतापेशीही मरतात. तेव्हा आक्षेप होता की हे त्या दोन टक्क्यांपुरतं असेल. २०११ मध्ये ज्यांच्या घराण्यात आजार नव्हता अशा पेशंटच्या मरणोत्तर घेतलेल्या पेशींपासून तारकापेशी वाढवल्या, त्यांनीही चालक चेतापेशी मारल्या. म्हणजे तुमच्या बाबांसारख्यांनाही हे लागू असू शकतं. २०२० मध्ये ते तिन्ही चिथावणीखोर घटक नसलेले एएलएसचे उंदीर बऱ्यापैकी जास्त जगले. इथवर पोचलोय. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता कसा असतो ते सेफ्ट्रियाक्झोननं दाखवलंच.

स्टेम सेलबद्दल: २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे ठरावीक आजार वगैरे सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. ज्यानं पैसे घेतले त्यानं उपचार म्हणून विकलं, जे त्याला विकता येत नव्हतं. तुमची चूक नाही.

---

मृद्गंध

विषय जरा बदलतेय. आई ७३ वर्षांची आहे, हल्ली तेच तेच विचारते. जीएफएपी रक्तातही मोजतात असं वाचलं. करून घेऊ का?

---

काचपट्टी

रक्तातल्या जीएफएपीचं काम खरोखर चांगलं चाललंय. अल्झायमरमध्ये ते फार लवकर वाढतं, लक्षणं दिसायच्या आधीही. २०२३ मध्ये पिट्सबर्गच्या गटानं हजाराहून जास्त स्मरणशक्ती शाबूत असलेल्या लोकांचं रक्त तपासलं. ज्यांच्यात अमायलॉइड होतं आणि तारकापेशीही बिथरल्या होत्या, त्यांच्यातच टाऊ हे आजाराच्या पुढच्या टप्प्यातलं प्रथिन वाढताना दिसलं. नुसतं अमायलॉइड असलेल्यांत तसं दिसलं नाही. पुन्हा तेच बघा, आग आणि शेजारी.

पण एकट्या आकड्यावर निदान होत नाही. जीएफएपी पक्षाघातात वाढतं, डोक्याला मार लागला तरी वाढतं. अमेरिकेत २०१८ साली त्याची पहिली रक्तचाचणी मंजूर झाली तीच मुळी डोक्याच्या मारासाठी. वयानंही वाढतं. आईंना आधी न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. बी-१२, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कानाला कमी ऐकू येणं, यातलं काही निघालं तर त्यावर उपाय आहे. आमच्या सोसायटीतल्या एका आजींचं विसरणं बी-१२ च्या इंजेक्शनांनी निम्म्यावर आलं.

---

खडूस_काका

दूधवाल्याची थट्टा केली, पण वाचतोय मी मन लावून. मला सहा वर्षं पार्किन्सन्स आहे. हे टाईप करायला वीस मिनिटं लागली, म्हणून खवचट लिहितो, खवचट थोडक्यात होतं. सकाळी रसाजिलिनची गोळी घेतो. मेहुणा म्हणतो मधुमेहाची ती नवीन इंजेक्शनं पार्किन्सन्सवर चालतात, तारकापेशी शांत होतात. खरं का?

---

ग्लियाळू

काका, दंडवत.

मेहुण्यानं अर्धं बरोबर वाचलंय. त्या इंजेक्शनांच्या घराण्यातलं एनएलवाय०१ नावाचं एक औषध होतं. २०१८ मध्ये उंदरांत त्यानं मायक्रोग्लियाला शांत केलं, तारकापेशी बिथरायच्या थांबल्या, उंदीर सुधारले. कागदावर इतकं सुंदर की आमच्याकडे कॉफीवर तोच विषय असायचा. मग २५५ पेशंटवर चाचणी झाली. ३६ आठवड्यांनी फरक शून्य (२०२४). त्याच घराण्यातल्या लिक्सिसेनाटाइडनं थोडा फायदा दाखवला, तर एक्सेनाटाइडनं मोठ्या चाचणीत नाही दाखवला. तेव्हा मेहुण्याला सांगा, अजून नाही. वजन उतरतं त्यानं, आणि पार्किन्सन्समध्ये आधीच उतरत असतं.

तुमच्या रसाजिलिनची गोष्ट मात्र थेट या धाग्यातली आहे. ते ज्या एमएओ-बी या विकराला अडवतं, ते मेंदूत मुख्यतः तारकापेशींत असतं. याचा सगळ्यात भयंकर पुरावा कॅलिफोर्नियातला. १९८२ मध्ये काही तरुण व्यसनी मुलं अचानक पुतळ्यासारखी गोठलेली दवाखान्यात आली. विल्यम लँगस्टन या न्यूरॉलॉजिस्टनं शोधलं की घरगुती बनावटीच्या हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ झाली होती. ते स्वतः विषारी नाही. मेंदूत शिरल्यावर तारकापेशी त्याला एमएओ-बीनं 'साफ' करायला जाते आणि त्यातून खरं विष तयार होतं. ते मग पार्किन्सन्समध्ये मरणाऱ्या डोपामिनवाल्या न्यूरॉनमध्ये, डोपामिनच्याच दारानं आत शिरतं. बिचारीनं केलं होतं आपलं रोजचंच काम.

---

खडूस_काका

म्हणजे बाई भांडी घासायला गेली आणि साबणातच विष. मेहुण्याला दाखवतो. तो मानणार नाही.

---

अवलिया_

काका, तुम्ही लिहीत राहा. वीस मिनिटं लागली तरी.

---

सावनी_क

ग्लियाळू, स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना आजच मेसेज केला.

काल रात्री बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला, प्रतिसादांसकट. एमपीटीपीपाशी त्यांनी दोनदा डोळे मिटले, म्हणजे पुन्हा वाच. संपल्यावर मी विचारलं, काही म्हणायचंय का? तर तक्त्याकडे बघायला लागले. मला वाटलं आजाराबद्दल काही असेल, धास्तावलेच. प. मग काना. मग र, अनुस्वार. सहा मिनिटं लागली. पूर्ण मजकूर देते:

"पारंपारिक नाही. पारंपरिक."

---

काचपट्टी

संपादक मंडळाला विनंती: मूळ लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात पहिल्याच ओळीत 'पारंपारिक' आहे, ते कृपया 'पारंपरिक' करावे. मला लेख संपादित करता येत नाही. सरांना नमस्कार.